यादीच्या समासामागचा हिशेब

डोनाल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली रचायला घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक उभारले. लाटेकच्या एकस्तंभी मजकुरात यादीचे समास पातळीगणिक २.५, २.२, १.८७ आणि १.७ एम (एम म्हणजे चालू अक्षराच्या आकाराएवढे एकक) असे घटत जातात. यांतले शेवटचे तीन आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. दुसऱ्या पातळीवर कंसातले अक्षर, तिसरीवर रोमन अंक, चौथीवर मोठे अक्षर मावावे, असा त्यामागे हिशेब आहे. म्हणजे माप क्रमांकित याद्यांचे. ठिपक्यांच्या याद्यांना तेच लागू झाले. म्हणूनच अरुंद ठिपक्याच्या डावीकडे जागा जास्त उरते. हा समास बदलावा म्हटले, तर मांडणी जाणकारांनी ठरवलेली असते, लेखकाने तिला हात लावू नये, असा आक्षेप घेतला जातो. पुस्तकभर एकसारखेपणा हवा, एवढे त्यात खरे आहे. पण लाटेकमध्ये हा समास मुळातच बदलता येणारे माप आहे. तेव्हा खुणेची रुंदी पाहून तो एकदाच ठरवावा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावा.