माणशी अर्धा एकर : पाणी पंचायतीची गोष्ट

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी कामाचे निमित्त पुढे करतो. मी पडलो रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, पूल आणि मोऱ्या हा माझा विषय. यंदा मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती पाण्याची आहे, त्यामुळे आपणा बंगळूरकरांना ती परकी वाटणार नाही.

आपल्यापैकी बरेच जण हुबळी-बेळगाव-मिरजमार्गे पुण्याला जातात. नीरा स्टेशन मागे पडले की वाल्हा, दौंडज, जेजुरी अशी छोटी स्टेशने लागतात आणि दोन्ही बाजूंना उघडे माळ दिसतात. हा पुरंदर तालुका, माझ्या आईचे माहेर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. तालुक्याच्या कडेने नीरा नदी वाहते, पण तिचे पाणी इंग्रजांच्या काळातल्या कालव्याने पुढे बारामतीकडच्या उसाला जाते. उंचावरच्या माळाला ते मिळत नाही.

1972 च्या दुष्काळात आई चौदा वर्षांची होती. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. तिथे मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांची चव ती अजून सांगते. त्याच वेळी पुण्यातले एक कारखानदार, विलासराव साळुंखे, पत्नी कल्पनाताईंसह ही कामे पाहायला आले होते. साळुंखे इंजिनिअर होते आणि काटेकोर मोजमापाची उपकरणे बनवत असत. हजारो माणसे खडी फोडत आहेत, पण पुढच्या दुष्काळात उपयोगी पडेल असे त्यातून काहीच उभे राहत नाही, हे त्यांच्या लक्षात आले.

1974 साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर समतल बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खोदली आणि तिचे पाणी पंपाने पुन्हा वर चढवले. ओसाड माळावर धान्य पिकले. इंजिनिअर म्हणून सांगतो, या कामात नवे तंत्र काहीच नव्हते. बांध, विहीर, पंप आणि पाइप आपल्या सर्वांच्या ओळखीचे. नवे होते ते पुढे.

आसपासच्या गावांतले शेतकरी आम्हालाही अशी योजना द्या म्हणून आले, तेव्हा पाणी वाटायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. आजवर पाणी जमिनीच्या मापाने मिळत असे. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त. साळुंख्यांनी ते मापच बदलले. पाणी माणशी मोजायचे. दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हाच हक्क; तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करून आपले पाणी वापरू शकेल. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही, कारण एका उसाच्या एकरात कित्येकांची ज्वारी-बाजरी बुडते. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. साधारण निम्मा खर्च सरकारी अनुदानातून आणि उरलेला प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून. एकट्यादुकट्याला योजना नाही, गटालाच. वाटपाला गटाने नेमलेला पाटकरी. हीच पाणी पंचायत.

आजकाल आमच्या प्रशिक्षण वर्गात ‘सोशल इनोव्हेशन’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. त्याचा अर्थ मला नायगावच्या या उदाहरणावरून कळला. यंत्र जुनेच असते, माणसांमधला करार नवा असतो.

सगळे गोडच झाले असे नाही. काही योजना विजेअभावी, काही पंपाच्या दुरुस्तीअभावी, तर काही गटातल्या भांडणांमुळे बंद पडल्या. साळुंखे 2002 साली गेले. 2005 साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांचा कायदा केला. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाणी सांभाळावे, हे त्यात आले, पण हक्क जमिनीलाच चिकटलेला राहिला. भूमिहीन पुन्हा बाहेर.

आता आपल्या शहराकडे येऊ. सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून बंगळूरला आणले जाते. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या असंख्य बोअरवेल आटल्या, तशी आमच्या सोसायटीचीही आटली. टँकरचे पाणी वाटायचे ठरले. मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर असतो, तसेच पाणीही द्यावे, असे काहींचे म्हणणे पडले. मी मोठ्या तोऱ्यात नायगावचा दाखला दिला आणि माणशी वाटपाचा तक्ता करून आणला. आईने तो चष्मा लावून वाचला आणि विचारले, “अरे, वॉचमनच्या घरातली चार माणसं कुठल्या फ्लॅटात धरलीस?”

धरलीच नव्हती. पाण्याच्या टाकीला लागून ज्यांची खोली आहे, तेच माझ्या तक्त्यात नव्हते. पाणी पंचायतीची गोष्ट मी चार वेळा सांगितली होती, पण आमच्या सोसायटीतला भूमिहीन मला दिसला नव्हता. मी तक्ता दुरुस्त केला. “ते मेंटेनन्स भरत नाहीत,” असा आक्षेप आला, वादही झाला, पण शेवटी चार नावे चढली.

पाऊस आला आणि तक्ता नोटीस बोर्डावरून उतरला. तो नियम आजही सोसायटीच्या वहीत लिहिलेला नाही. नायगावात करार आधी झाला, पाणी नंतर वाहिले. आपण मात्र टँकर दारात उभा राहिल्यावर वाद घालायला बसतो. पुढच्या उन्हाळ्याआधी आमच्या सभेत हा नियम कायमचा लिहून घेण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. आपापल्या सोसायटीत आपणही एकदा तक्ता करून पाहा, आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर वाचायला द्या.

गणपती बाप्पा मोरया!