वितरित जालवाहतूक-निरीक्षण

संगणकजालातील अनेक सर्व्हरांवरून होणाऱ्या वाहतुकीची नोंद जागच्या जागी घेऊन, त्या सर्व नोंदी एका मध्यवर्ती दप्तरात दाखल करण्याची व तेथे त्यांची परस्परांशी रुजवात घालण्याची व्यवस्था. केवळ प्रवेशद्वारावर बसलेल्या निरीक्षकास आतल्या आत, सर्व्हर-सर्व्हरांमध्ये, चाललेले दळणवळण दिसत नाही. ही उणीव या व्यवस्थेने भरून निघते.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ साली तयार झालेल्या टीसीपीडम्पमुळे एका यंत्रावरील पॅकेटे वाचण्याची सोय झाली; परंतु वाहतूक वाढताच सर्व पॅकेटांचा संग्रह दुर्वह ठरू लागला. सिस्को कंपनीने १९९६ च्या सुमारास आणलेल्या नेटफ्लो पद्धतीत, टपालातील पत्र न उघडता लिफाफ्यावरील पत्ते व वजन तेवढे टिपावे त्याप्रमाणे, उगम व गंतव्य पत्ते, दोन्ही पोर्ट, प्रोटोकॉल, पॅकेटांची व बाइटांची संख्या आणि वेळ एवढाच तपशील प्रत्येक प्रवाहामागे नोंदला जातो. नमुना-पॅकेटांवर आधारलेली एसफ्लो पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तर नेटफ्लोच्या नवव्या आवृत्तीवरून सिद्ध झालेले आयपीफिक्स हे २०१३ मध्ये इंटरनेटचे अधिकृत मानक ठरले.

मांडणी : प्रत्येक सर्व्हरवर सॉफ्टफ्लोडीसारखा नोंदक बसवितात, किंवा स्विचच्या प्रतिबिंब-पोर्टवरून वाहतुकीची प्रत स्वतंत्र यंत्रास देतात. नोंदक प्रवाह संपताच, अथवा ठरावीक मुदत उलटताच, त्याची नोंद संग्राहकाकडे रवाना करतो. एनएफकॅपडी हा प्रचलित संग्राहक मुळात दर पाच मिनिटांस नवी फाइल उघडतो. नोंदींची ने-आण शक्यतो निराळ्या व्यवस्थापन-जालावरून करावी, म्हणजे निरीक्षणाचीच वाहतूक हिशेबात मिसळत नाही. झीक या प्रणालीत कामाची विभागणी व्यवस्थापक, लॉगर, प्रॉक्सी व कार्यकर्ते अशी असून, एका संभाषणाच्या दोन्ही दिशा एकाच कार्यकर्त्याकडे जातील अशी वाटणी आवश्यक असते.

दक्षता : सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपीने जुळलेली नसल्यास घटनांचा पूर्वापर क्रम लावता येत नाही. एकच प्रवाह दोन ठाण्यांवर नोंदला गेल्यास बेरीज दुप्पट होते. म्हणून कोणते ठाणे कोणत्या वाहतुकीस जबाबदार, हे आरंभीच मुक्रर करावे लागते. नोंदी बहुधा यूडीपीने जात असल्याने वाटेत गहाळ झाल्या तर पुन्हा येत नाहीत. मात्र नेटफ्लोच्या शीर्षकातील अनुक्रमांकावरून तूट उघडकीस येते. नमुना-पद्धतीत अचूकता नमुन्यांच्या संख्येवर अवलंबून असते : दहा हजार नमुन्यांवरील अंदाजात, ९५ टक्के विश्वासपातळीवर, सुमारे २ टक्क्यांपर्यंत चूक संभवते. शिवाय, मजकूर नसला तरी कोण कोणाशी केव्हा बोलला हे या नोंदींतून कळत असल्यामुळे, दप्तर पाहण्याचा अधिकार व नोंदी जतन करण्याची मुदत यांचे नियम लेखी असणे इष्ट होय.

ज्या दप्तरातील घड्याळे जुळत नाहीत व गळतीचा हिशेब ठेवलेला नाही, त्यातील आलेख कितीही सुबक असले तरी ते पुरावा म्हणून ग्राह्य धरू नयेत.