जुनी रायफल, नवी रायफल आणि १९६४ साल

या पानावर नेहमी पीक, पाणी, फवारणी असतं. आज एका अवजाराचा इतिहास लिहितोय, पण अवजार वेगळं आहे: शिकारीची बोल्ट रायफल. "पूर्वीसारखा माल आता येत नाही" हे आपण नांगरापासून मोटरीपर्यंत सगळ्याला म्हणतो. रायफलवाल्यांत हाच वाद साठ वर्षं चाललाय, आणि त्यांच्याकडं या वादाला नेमकं साल आहे, १९६४.

आधी ती चालते कशी ते बघू. दाराच्या सरकत्या कडीसारखा एक पोलादी दांडा असतो, तोच बोल्ट. मूठ वर करून मागं ओढली की उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर पडते. पुढं ढकलली की नवीन काडतूस नळीत जातं. मूठ खाली केली की बोल्टची दातं खाचेत अडकून कुलूप बसतं. भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडा.

जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या पॉल माउझर यांनी ही रचना पक्की केली. त्यांची रायफल जर्मन सैन्यानं १८९८ साली घेतली. तिच्यात बोल्टच्या कडेला लांब, रुंद पोलादी पंजा आहे. मॅगझिनमधून काडतूस वर येतानाच हा पंजा त्याची कड धरतो आणि पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाबरलेल्या माणसानं बोल्ट अर्ध्यातनं मागं ओढला तरी काडतूस त्याबरोबर मागं येतं, आत अडकत नाही. शिवाय काडतूस फुटलं तर गरम वायू डोळ्यात न येता बाजूनं निघून जावा म्हणून भोकं ठेवली आहेत, आणि पुढची दोन दातं तुटली तरी धरायला मागं तिसरं दात आहे.

याच बनावटीची, लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल जिम कॉर्बेट यांच्याकडं होती. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली म्हणून संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी ती त्यांना भेट दिली. सरकारी नोंदीप्रमाणं १२५ माणसं खाल्लेला रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी १९२६ साली रात्री आंब्याच्या झाडावर बसून मारला. अशा जागी काडतूस अडकलं तर दुरुस्तीला वेळ नसतो. भरवशाचा अर्थ तिथं कळतो.

अमेरिकेत विंचेस्टर कंपनीनं १९३६ साली मॉडेल ७० काढली. पंजा माउझरसारखाच, अखंड घडीव पोलाद कोरून केलेले भाग, दस्त्यावर हातानं कोरलेली नक्षी. पण दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी वाढली. रेमिंग्टन कंपनीनं गोल पोलादी नळकांडं कापून स्वस्तात रायफली बनवल्या आणि १९६२ साली मॉडेल ७०० आणली. विंचेस्टरला दर परवडेना. मग १९६४ साली त्यांनी मॉडेल ७० बदलली. मोठा पंजा गेला, बारीक पकड आली. नक्षी हातानं कोरायची सोडून साच्यानं दाबून उठवायला लागले.

आता काडतूस पंजानं धरलेलं नव्हतं, बोल्ट त्याला नुसता पुढं ढकलत होता. बोल्ट पूर्ण बंद न करता मागं ओढला तर पहिलं काडतूस आतच राहतं आणि दुसरं त्याच्या बुडावर जाऊन आदळतं. गिऱ्हाइकानं हे लगेच ओळखलं. १९६४ च्या आधीच्या जुन्या रायफलींचा भाव चढला, तो अजून उतरलेला नाही. शेवटी १९९० च्या दशकात कंपनीला पंजा परत आणावा लागला.

इथवर वाचून वाटेल, जुनं तेच सोनं. पण थांबा, दुसरी बाजूही आहे.

अमेरिकेची १९०३ सालची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरवरूनच घेतलेली. त्यापोटी त्यांच्या सरकारनं माउझरला पैसेही मोजले. पुढं यातल्या कित्येक रायफली शिकारीच्या झाल्या. १९१७ साली त्यातल्या काही फुटल्या. चौकशी झाली तेव्हा कळलं की भट्टीवरचे जुने कारागीर पोलादाचा ताव नजरेनं, रंगावरून ठरवत होते. ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात रंग वेगळा दिसतो. उष्णता मोजायचं यंत्र लावलं तेव्हा फरक ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत निघाला. जास्त तापलेलं पोलाद ठिसूळ झालं होतं. आपला लोहार फाळाला पाणी देताना चुकला तर फाळ मोडतो, इथं तर चेहऱ्यासमोर स्फोट. म्हणून स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या आठ लाखांच्या आतल्या नंबराची रायफल जाणकार आजही वाजवत नाहीत. वरून बघाल तर काम सुंदर, दोष पोटात.

नव्या रायफलींचं उलटं. १९५८ साली सॅव्हेज कंपनीनं मॉडेल ११० मध्ये नळी एका नटानं बसवली. काडतुसाच्या जागेचं माप नट फिरवून जुळतं, त्याला हातखंडा कारागीर लागत नाही. फिनलंडची टिक्का टी-३ २००३ साली आली. मॅगझिन प्लॅस्टिकचं, म्हणून जुने लोक नाकं मुरडतात. पण नळी यंत्राच्या हातोड्यांनी घडवलेली, आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात बसतील अशी कंपनीची हमी. जुन्या कारखान्यातल्या साध्या रायफलीला अशी हमी कोणी देत नव्हतं.

पण नव्यालाही नजर हवीच. २०१४ साली रेमिंग्टननं नव्या बनावटीचे चाप असलेल्या रायफली परत मागवल्या. जोडणीत चिकटद्रव्य जादा लागल्यामुळं चाप न ओढता गोळी सुटायचा धोका होता.

आपल्या देशात बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची .३१५ रायफल लोकांना माहीत आहे. .३०३ हे सैन्याचं काडतूस, ते सामान्य माणसाला बंद, म्हणून .३१५. बोल्ट मात्र इंग्रजांच्या ली-एनफील्डच्या धर्तीवरचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा जमाना संपला. पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक तेवढी काही घरांत राहिली. ती वापरणाऱ्यानं तरी नुसतं साल बघू नये.

माझं मत असं: काटकसर सगळेच कारखाने करतात, ती कुठं केली ते बघायचं. टिक्कानं मॅगझिनमध्ये केली, नळीत नाही. विंचेस्टरनं नक्षीत केली तिथवर ठीक होतं, पंजात केली तिथं नाव गेलं. जो भाग मोडला तर माणूस जाईल, त्या भागात पैसा वाचवलेला नसावा. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, कडबाकुट्टी घेताना मी हाच हिशोब लावतो. रंग आणि नाव नंतर, आधी ब्रेक आणि पात्यावरचं झाकण.