कानामागून आलेलं यंत्र

माझ्या दवाखान्यात एक प्रसंग वारंवार घडतो. मुलगा किंवा सून आजोबांना घेऊन येते आणि म्हणते, "डॉक्टर, यांना कानाचं मशीन घेऊन दिलंय, पण घालतच नाहीत. कपाटात पडून आहे." आजोबा नुसते हसतात, कारण प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

मी त्या मुलाला रागावत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच घडत होतं, आणि तेव्हा घरात एक एम.डी. डॉक्टर होता. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, भलत्याच प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागले होते. मला वाटलं, स्मरणशक्ती उतरणीला लागली. मी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, बी-१२ पाहिलं, थायरॉइड पाहिलं. कानाची तपासणी मात्र सगळ्यात शेवटी सुचली. मग कानामागचं यंत्र आलं, अण्णा खूश झाले, आणि काही महिन्यांनी ते यंत्र कपाटात गेलं. का गेलं, ते शेवटी सांगतो. त्याआधी या यंत्राचा इतिहास सांगतो, कारण त्याची निगा कशी राखायची हे त्या इतिहासातूनच नीट समजतं.

कर्णा आणि सिंहासन

कमी ऐकणारा माणूस कानामागे हाताचा पंजा धरतो. हेच पहिलं श्रवणयंत्र. पंजा जास्त आवाज गोळा करून कानात सोडतो. पुढे युरोपात याच तत्त्वावर पत्र्याचे, शिंगाचे, चांदीचे कर्णे बनले. संगीतकार बीथोव्हन विशीच्या अखेरीपासून बहिरा होत गेला. त्याच्यासाठी मेल्त्सेल नावाच्या कारागिरानं 1812 ते 1814 च्या सुमारास असे कर्णे तयार केले. जर्मनीतल्या बॉन शहरातील त्याच्या जन्मघराच्या संग्रहालयात ते आजही पाहायला मिळतात.

कर्णा लपवता येत नसे, आणि लाज तेव्हाही होतीच. पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव (गोवाही तेव्हा त्याच्याच अमलाखाली होता) याच्यासाठी लंडनच्या एफ. सी. राइन यांनी 1819 मध्ये एक खास सिंहासन बनवलं. त्याचे हात पोकळ होते आणि त्यांची टोकं सिंहाच्या उघड्या जबड्यासारखी कोरलेली होती. भेटायला आलेल्यानं गुडघे टेकून त्या जबड्यात बोलायचं, आणि आवाज नळीतून राजाच्या कानापर्यंत जायचा. राजाचं बहिरेपण झाकण्यासाठी समोरच्याला गुडघ्यावर बसवलं होतं! पुढे पंख्यात, टोपीत, दाढीत लपणारे कर्णेही निघाले.

कर्ण्यातली एक गोष्ट मात्र तुमच्या यंत्रात अजून तशीच आहे, ती म्हणजे आवाज वाहून नेणारी पोकळ नळी. नळी तुंबली की बीथोव्हनचा कर्णा काय आणि आजचं महागडं डिजिटल यंत्र काय, दोन्ही मुकी. हे लक्षात ठेवा, आपण याकडे परत येणार आहोत.

विजेचा आवाज

टेलिफोनचं पेटंट 1876 मध्ये घेणारे ग्रॅहॅम बेल बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांची आई आणि पत्नी, दोघींनाही ऐकू येत नसे. टेलिफोनमुळे आवाजाचं विजेत रूपांतर करता येऊ लागलं, आणि त्याच तंत्रावर अमेरिकेत मिलर हचिसन यांनी 1898 च्या सुमारास विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं. इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रा यांनी 1902 च्या राज्याभिषेकाच्या वेळी त्यांचं यंत्र वापरलं होतं.

मग व्हॅक्यूम ट्यूब आल्या. आवाज चांगला मोठा होऊ लागला, पण ट्यूब तापवायला एक बॅटरी आणि चालवायला दुसरी. यंत्र कपड्यांत आणि बॅटऱ्यांचं गाठोडं कमरेला किंवा मांडीला बांधलेलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेनं 1948 पासून असं 'मेड्रेस्को' नावाचं यंत्र लोकांना मोफत द्यायला सुरुवात केली.

खरी सुटका केली ट्रान्झिस्टरनं. तुमच्यापैकी अनेकांना 'ट्रान्झिस्टर' म्हटलं की बिनाका गीतमाला आठवेल. पण ट्रान्झिस्टर रेडिओच्या आधी, 1952 च्या अखेरीला, तो श्रवणयंत्रात बसला. सर्वसामान्यांना विकत मिळालेली ट्रान्झिस्टरची पहिली वस्तू म्हणजे कानाचं यंत्र! शोध लावणाऱ्या बेल प्रयोगशाळेच्या कंपनीनं ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रांसाठी पेटंटचा मोबदलाही माफ केला होता.

खिशातून कानामागे

आपल्याकडे मात्र 'खिशातलं मशीन' खूप वर्षं टिकलं. सदऱ्याच्या खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत लोंबणारी वायर. त्याचे दोन तोटे होते. माइक छातीवर असल्यानं कपड्यांची खसखस मोठ्यानं ऐकू यायची. शिवाय आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळायचं नाही, कारण ऐकत होती छाती, कान नव्हे.

1950 च्या दशकाच्या मध्याला यंत्र चष्म्याच्या काडीत बसवण्यात आलं. ते चांगलं लपायचं, पण रात्री चष्मा काढला की कानही निघाले! मग काडीतला कानामागचा वळणदार भाग तेवढा वेगळा झाला, आणि आजच्या यंत्राचा जन्म झाला. मराठीत म्हणतात तसं, कानामागून आलं आणि तिखट झालं. त्यानंतर कानात पूर्ण लपणारी छोटी यंत्रंही आली. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी 1983 मध्ये कानात बसणारं यंत्र उघडपणे घातलं, तेव्हा तिथली मागणी वाढली. 1990 च्या दशकात यंत्रं डिजिटल झाली. पण कानामागचं यंत्र मागे पडलं नाही. ते जास्त ताकदीचा आवाज देऊ शकतं, थरथरणाऱ्या बोटांना हाताळायला सोपं पडतं, आणि मुलाचा कान वाढला तर फक्त कानातला साचा, म्हणजे मोल्ड, बदलून भागतं.

इतिहासानं दिलेली निगा

*शिट्टी:* खिशातल्या यंत्रात माइक आणि कान यांच्यात हातभर अंतर होतं. आता ते काही इंच आहे. साचा सैल असेल तर कानातला मोठा आवाज बाहेर निसटतो, परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. म्हणून आधी साचा नीट बसलाय का पाहा. तरीही वाजत असेल तर कानात मळ आहे का ते तपासून घ्या, किंवा साचा नवा करून घ्या. त्यावर लाल खूण उजव्या कानासाठी आणि निळी डाव्यासाठी असते.

*सेल:* आजचे गोल सेल हवेवर चालतात. वरचा रंगीत स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो. स्टिकर काढून एक-दोन मिनिटं थांबा, मग सेल बसवा. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून उपयोग नाही. झोपताना यंत्र काढा आणि सेलचं दार उघडं ठेवा. त्यानं सेलही वाचतो आणि आतला दमटपणाही निघतो. सेल लहान मुलांपासून दूर ठेवा. एखाद्यानं गिळला तर वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. चार्जिंगचं यंत्र असेल तर पुसून, कोरडं करूनच चार्जरवर ठेवा.

*पाणी:* घाम आणि पावसाळ्याची दमट हवा हे यंत्राचे शत्रू. आंघोळीआधी ते काढा. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ओलं झालं तर हेअर ड्रायरनं किंवा उन्हात तापवू नका.

*नळी आणि साचा:* यंत्र रोज कोरड्या मऊ कापडानं पुसा. साचा नळीसकट यंत्रापासून वेगळा करून आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा. नळीत राहिलेला थेंब रबरी फुग्याच्या छोट्या पंपानं उडवा. पूर्ण वाळल्यावरच यंत्राला जोडा. नळी पिवळी, कडक झाली की बदलून घ्या. तुमच्या यंत्रात नळीऐवजी बारीक वायर असेल तर धुवायचं काहीच नाही. ते कसं साफ करायचं हे ऑडिओलॉजिस्टकडून शिकून घ्या.

आणखी एक. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःचा आवाज, सगळंच अंगावर येईल. मेंदूला या आवाजांची सवय राहिलेली नसते. सुरुवातीला घरात शांत वेळी दोन-तीन तास घाला, मग वेळ वाढवत न्या. मात्र एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येणं बंद झालं, कान दुखला किंवा वाहू लागला, तर सेल बदलत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आता अण्णांची गोष्ट. एका रविवारी मी कपाटातून त्यांचं यंत्र काढलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. साच्याच्या भोकात मोहरीएवढा मळ अडकला होता. बाकी यंत्र ठणठणीत होतं. अण्णांना वाटलं होतं, आपले कानच आता पुरते गेले. म्हणून त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. चार महिने ते जेवणाच्या ताटावर आमच्या तोंडांकडे बघत, आम्ही हसलो की हसत होते.

मी साचा धुतला, वाळवला, नवा सेल घातला. यंत्र कानावर बसताच अण्णा आईला म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला? येतंय ऐकू."

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या आजोबांचं, आईचं, सासऱ्यांचं यंत्र कपाटात असेल तर ते बाहेर काढा, उजेडात धरा आणि भोकातून आरपार दिसतंय का बघा.