राजभवनाखालचा बंकर

मुंबईच्या राजभवनाखाली ब्रिटिशांचा जुना भुयारी बंकर आहे. मलबार हिलचे हे टोक तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले, त्यामुळे येणारे जहाज इथून लांबूनच नजरेस पडे. मुंबईची सरहद्द म्हणजे समुद्रच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन आरमाराच्या धास्तीने सरकारने बंदरांवर नव्या तोफा चढवल्या. रशियन कधी आले नाहीत. पण २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर मारा करून तेलाच्या टाक्या पेटवल्या. धास्ती खरी ठरली, शत्रू तेवढा निराळा निघाला.

बंकरला पश्चिमेकडे सुमारे २० फूट उंच दरवाजा आणि उतार आहे. आत लांब बोळ आणि दुतर्फा लहानमोठ्या १३ खोल्या. कोणत्या खोलीत काय ते इंग्रजीत लिहिलेले आहे: शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, शेल लिफ्ट, पंप, वर्कशॉप. तोफगोळे एका कोठारात, दारूची काडतुसे दुसऱ्यात. एका ठिकाणी भडका उडाला तरी सगळेच उडू नये, हा त्यामागचा हिशोब. बोळात दिव्यांसाठी कोनाडे आहेत. हवा-उजेडाची सोय आणि पाण्याचा निचरा मुळातच नीट आखलेला.

पुढे बंकरचे तोंड भिंतीने बुजले आणि तो विस्मरणात गेला. राजभवनातल्या जुन्या माणसांनी भुयाराची गोष्ट काढली, तेव्हा राज्यपाल चेन्नमनेनी विद्यासागर राव यांनी भिंत फोडायला सांगितले. १२ ऑगस्ट २०१६ रोजी सार्वजनिक बांधकाम खात्याने ती पाडली. डागडुजीनंतर ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आभासी देखाव्यांची सोयही तिथे केली. मात्र खोल्यांची ती साधी नावेच जास्त बोलकी आहेत.

दरम्यान २०१८ मध्ये राजभवनाच्याच आवारात प्रत्येकी सुमारे २२ टनांच्या दोन तोफा सापडल्या. क्रेनने उचलून त्या आता दर्शनी भागात ठेवल्या आहेत.

१४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बंकरमधल्या ‘क्रांती गाथा’ दालनाचे उद्घाटन केले. ज्या कोठारांत साम्राज्याचा दारूगोळा असे, तिथे आता वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू आणि १९४६ चे नौसैनिकांचे बंड यांची हकीगत मांडली आहे. वर राज्यपालांचे निवासस्थान असल्याने आधी नोंदणी केल्याशिवाय आत जाता येत नाही.