विंचवाची टिपणे आणि कबुतराचे स्वादुपिंड

मेढ्याहून महाबळेश्वर गाठून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, पुढे महाड. लाल विंचू घाटाच्या दोन्ही अंगांना आहे. त्याच्या दंशावरील उपचाराचा भक्कम लेखी पुरावा मात्र खालच्या अंगाचा, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या शोधनिबंधांतला. 'लॅन्सेट'मधला १९८२चा निबंध धोक्याची लक्षणे नोंदवतो: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह लिहिलेला १९८६चा निबंध त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध मांडतो.

विष मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग लवकर मिटू देत नाही. ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात आणि रक्तवाहिन्यांच्या अल्फा-१ ग्राहकांना चिकटतात. तिथून पेशीच्या आत काय होते, हे वेगळ्याच कागदांत सापडते. १९५३ साली मॉन्ट्रियलमध्ये मेबल आणि लोवेल होकिन यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना ॲसिटिलकोलिन दिले, तेव्हा किरणोत्सारी फॉस्फरस पेशीतल्या फॉस्फोलिपिडांत झपाट्याने शिरला. स्निग्ध द्रव्ये म्हणजे पेशीची नुसती भिंत, ही समजूत तिथे हलली. रॉबर्ट मिचेल यांनी १९७५ मध्ये अशी निरीक्षणे एकत्र करून त्यांचा संबंध कॅल्शियमशी जोडला. १९८३ मध्ये 'नेचर'मध्ये श्ट्रेब, आयर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी दाखवले की, या मेदातून सुटलेला इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटचा तुकडा पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळे करतो. तो तुकडा कापणारी विकरे म्हणजे फॉस्फोलिपेज-सी कुटुंब. सस्तन प्राण्यांत त्याचे १३ सदस्य आहेत. अल्फा-१ ग्राहक त्यातल्या बीटा शाखेला जागे करतो, कॅल्शियम वाढते, रक्तवाहिनी आवळते, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. प्राझोसिन ग्राहकच अडवते, म्हणून ही साखळी सुरूच होत नाही.

विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर १९८४पासूनचा. 'नेचर'मधला निबंध त्याच्या आदल्याच वर्षीचा, म्हणून तो शोध आधी आणि त्यातून हा उपचार, असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. प्राझोसिन अल्फा ग्राहक अडवते हे आधीच ठाऊक होते. गार हातपाय आणि घाम ओळखणाऱ्या वैद्याला तेवढे पुरेसे होते. या उपचाराचे श्रेय रुग्णाच्या खाटेशी बसून केलेल्या निरीक्षणाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

बावस्करांच्या लेखनानुसार १९६१ ते १९८३ या काळात गंभीर दंशात २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याखाली आले. २०११च्या 'बीएमजे'तल्या चाचणीत प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५पैकी ८. विंचू चावल्यावर घाम आणि उलट्या सुरू झाल्या, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.