वादळी पावसाआधी घरातील वायरिंगची तपासणी : जाणकार इलेक्ट्रिशियन कसा निवडावा?

महाराष्ट्रात विजांचा कडकडाट वर्षातून दोनदा विशेष जाणवतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मान्सून परतीच्या वाटेला लागतो. किनारपट्टीवर याच्या जोडीला चक्रीवादळांचे सावट असते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळाने कोकण आणि मुंबईला तडाखा दिला. अशा प्रसंगी रस्त्यावरील तारांची चर्चा पुष्कळ होते. घराच्या भिंतीआड दडलेल्या तारांकडे मात्र एखादी दुर्घटना घडेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

जबाबदारी कोणाची?

बेस्ट, महावितरण, टाटा पॉवर किंवा अदानी इलेक्ट्रिसिटी यांपैकी वीजपुरवठा कोणाचाही असो, मीटरपर्यंतची यंत्रणा सांभाळणे हे पुरवठादाराचे काम असते. मीटरच्या पुढील तारा, स्विच, बोर्ड आणि अर्थिंग यांची जबाबदारी ग्राहकाकडे येते. गृहनिर्माण संस्थेत मीटररूमपासून मजल्यांवर जाणाऱ्या मुख्य तारा, जिन्यातील दिवे, पंप आणि लिफ्ट यांची देखभाल संस्थेला करावी लागते. त्यामुळे 'बिल वेळेवर भरतो, मग वायरिंग कंपनीनेच पाहावे' हा समज चुकीचा ठरतो.

वादळात नेमके काय घडते?

वीज थेट घरावर पडली तरच नुकसान होते असे नाही. ती जवळपास कोठेही कोसळली तरी वाहिन्यांमध्ये क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो. हा झटका विजेच्या तारेतून, केबल टीव्हीच्या वायरमधून किंवा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून घरात शिरतो. टीव्ही, राउटर, संगणक, फ्रिज आणि वॉशिंग मशीनमधील नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग त्याचे पहिले बळी ठरतात.

दुसरा धोका तुलनेने अपरिचित, पण शहरी वस्तीत अधिक संभवणारा आहे. घराला मिळणारा सिंगल फेजचा पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि तो तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारांच्या वाहिनीतून येतो. दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. झाडाची फांदी पडून किंवा सांधा सैल होऊन न्यूट्रल तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरील घरे एकमेकांशी जणू साखळीने जोडली जातात. परिणामी काही घरांत दाब खूप कमी होतो, तर काहींत तो ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. पंखे एकाएकी भरधाव फिरू लागणे किंवा जुने पिवळे बल्ब झगझगणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी विचार करत न बसता मेन स्विच बंद करणे हाच शहाणपणा.

तिसरा धोका पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी तळमजल्यावरील मीटररूम पाण्यात गेल्या म्हणजे काय होते, हे मुंबईकरांनी पाहिले. एवढा पाऊस नसला तरी भिंतीतील ओल, गच्चीवरून झिरपणारे पाणी आणि खिडकीजवळील प्लग पॉइंट यांमुळे वीजगळती सुरू होऊ शकते. पत्र्याच्या छपराच्या कडेला घासणारी सर्व्हिस वायर तर फारच घातक. तिचे आवरण कापले गेले की सारा पत्रा वीजभारित होतो आणि त्याला किंवा खिडकीच्या गजांना बांधलेली कपडे वाळत घालण्याची तार जीवघेणी ठरते.

संरक्षणाची साधने आणि त्यांच्या मर्यादा

घरातील संरक्षण एकाच उपकरणावर विसंबत नाही. प्रत्येकाचे काम वेगळे असते आणि ते समजून घेतल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो.

एमसीबी : तारेतून क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला किंवा शॉर्टसर्किट झाले, तर ही कळ आपोआप पडते. ती तारेच्या जाडीनुसार निवडावी लागते. वारंवार पडते म्हणून जास्त अँपिअरची एमसीबी बसवणे म्हणजे भिंतीतील तार तापू देणे. जुन्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळण्याचा प्रकारही त्याच जातीचा.

आरसीसीबी : फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सारखा आहे की नाही, हे ती पाहते. फरक पडला म्हणजे वीज कोठेतरी, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असा अर्थ होतो आणि ती पुरवठा तोडते. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी योग्य मानली जाते. ती जास्त भारापासून संरक्षण देत नाही. म्हणून तिच्याबरोबर एमसीबी हवीच. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास, इतर कोठे गळती नसेल तर, तीही वाचवू शकत नाही. तिच्यावरील चाचणीचे बटण पावसाळ्यापूर्वी दाबून पाहावे. कळ खाली पडली नाही, तर आरसीसीबी बदलण्याची वेळ आली असे समजावे.

सर्ज संरक्षक : वितरण पेटीत बसवले जाणारे हे उपकरण वाहिनीतून आलेला क्षणिक उच्च दाब जमिनीकडे वळवते. त्याला जोडणाऱ्या तारा शक्य तितक्या आखूड, साधारण अर्ध्या मीटरच्या आत असाव्या लागतात आणि अर्थिंग उत्तम हवे. इमारतीवर तडितरक्षक असेल तर प्रवेशाच्या ठिकाणी अधिक क्षमतेचा, टाइप १ प्रकारचा संरक्षक लागतो. घरातील पेटीत सहसा टाइप २ बसवतात. त्यावरील खिडकीचा रंग बदलला की त्याचे आयुष्य संपले असे समजावे. न्यूट्रल तुटल्यामुळे टिकून राहणाऱ्या वाढीव दाबावर मात्र त्याचा उपाय चालत नाही. त्यासाठी दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण घ्यावे लागते. प्लगमध्ये लावायचा स्पाइक गार्ड ही दुय्यम तटबंदी झाली, तर स्टॅबिलायझर दाबातील चढउतारांसाठी असतो, विजेच्या झटक्यासाठी नव्हे.

अर्थिंग : वरील बहुतेक उपायांचा पाया हाच. नळाच्या पाइपाला तार बांधून 'अर्थिंग झाले' म्हणणे धोकादायक आहे. पाइप कोठे प्लास्टिकचा असेल तर अर्थिंग निरुपयोगी ठरते आणि बिघाड झाल्यास शेजाऱ्याच्या नळातूनही धक्का बसू शकतो.

इलेक्ट्रिशियनची निवड

आयटीआयमध्ये 'वीजतंत्री' आणि 'तारतंत्री' असे दोन वर्षांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. मात्र अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि काम करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वायरिंगमधील वाढ, फेरफार आणि दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराकडून व्हावी लागते. हा परवाना राज्य शासनातर्फे दिला जातो. कामाला येणाऱ्या व्यक्तीचा परवाना आणि त्याची मुदत पाहण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

नाक्यावरच्या विद्युत साहित्याच्या दुकानातून मिळालेला वायरमन अनेकदा हुशार आणि अनुभवी असतो. परिसरातील इमारतींची वायरिंग त्याला ठाऊक असते. परंतु ओळख हा परवान्याला पर्याय नाही. काम सोपवण्यापूर्वी पुढील बाबी पाहाव्यात.

० पाहणी न करता फोनवरच एकरकमी आकडा सांगणाऱ्यापेक्षा, प्रत्यक्ष येऊन एकूण विद्युतभार मोजणारा श्रेयस्कर.

० अंदाजपत्रक लेखी असावे. त्यात साहित्य आणि मजुरी वेगळी, तारेची जाडी, कंपनी आणि पॉइंटची संख्या नमूद असावी. सर्वसाधारणपणे दिव्यांसाठी १.५, प्लगसाठी २.५ आणि गीझर किंवा एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली जाते.

० साहित्यावर आयएसआय चिन्ह आहे का, हे ग्राहकाने स्वतः पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. सेवेत त्रुटी राहिल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये दाद मागता येते. त्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो.

० संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. काही भाग चाचणी पूर्ण झाल्यावर द्यावा.

चांगल्या कारागिराची ओळख त्याच्या सवयींवरून होते. तो आधी मेन बंद करतो आणि वीज खरोखर गेली आहे ना, हे मापकावर तपासतो. तारांना पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी कनेक्टर वापरतो. अर्थची तार हिरवीच ठेवतो आणि पेटीतील प्रत्येक एमसीबीवर खोलीचे नाव लिहितो. काम संपल्यावर मेगरने ५०० व्होल्टवर तारांच्या आवरणाचा रोध मोजतो. हा रोध किमान १ मेगाओहम भरला पाहिजे.

याउलट एक प्रकार कटाक्षाने टाळावा. पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडू लागली की 'ती काढून थेट जोडणी करून देतो' असा सल्ला मिळतो आणि वैतागलेला ग्राहक त्याला मान डोलावतो. वास्तविक ओल लागलेल्या भिंतीत किंवा गीझरमध्ये गळती सुरू झाल्याची ती सूचना असते. एकेक सर्किट बंद करून दोष शोधणे हे तासाभराचे काम असेल; पण ते टाळून आरसीसीबी काढली, तर पुढची गळती कोणाच्या तरी ओल्या हातातून होईल.

इन्व्हर्टर आणि जनरेटरबाबतही अशीच दक्षता हवी. वीज गेल्यावर जनरेटरची तार थेट प्लगमध्ये खुपसली, तर ती वीज उलट वाहिनीत जाते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतते. त्यासाठी चेंजओव्हर स्विच बसवलाच पाहिजे.

वादळाच्या दिवशी

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. सूचना मिळताच, गडगडाट जवळ येण्यापूर्वीच, टीव्ही, संगणक, राउटर यांचे प्लग काढावेत. नुसती कळ बंद करणे पुरेसे नाही. कळीतील काही मिलिमीटरची फट विजेचा झटका सहज ओलांडतो. केबल आणि डिश अँटेनाची वायरही सोडवावी. वादळ सुरू झाल्यावर मात्र प्लगला हात लावू नये.

पुरवठा खंडित झाल्यास एसी, फ्रिज, पंप बंद ठेवून एखादा दिवा आणि पंखा तेवढा चालू ठेवावा. वीज परतल्यावर काही मिनिटे ती स्थिर आहे ना, हे पाहून मग इतर उपकरणे सुरू करावीत. घरात पाणी शिरले असेल तर पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नये. पुरवठा बाहेरून बंद करवून घ्यावा. पाण्यात बुडालेले उपकरण, प्लग किंवा एमसीबी नुसती वाळवून वापरू नये. रस्त्यात तुटलेली तार दिसल्यास ती मृत आहे असे गृहीत न धरता लोकांना दूर ठेवावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.

वादळानंतरच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन सहजी मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो आणि घाईतले काम पुढच्या पावसापुरतेही टिकत नाही. म्हणून तपासणीचा योग्य काळ वळवाच्या पहिल्या सरीआधीचा, म्हणजे मार्चअखेरचा. लाकडी पट्टीवरील वायरिंग असलेल्या जुन्या चाळी आणि वाड्यांनी तर ही तपासणी लांबणीवर टाकूच नये. भिंतीला रंग देण्याचे काम एखादे वर्ष पुढे ढकलले तरी चालते. त्या भिंतीतील झिजलेल्या तारेला मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंतची मुदत देता येत नाही.